गच्चीवरचा उकिरडा

आमच्या घराण्याला उकिरड्यापासून लांब यायला दोन पिढ्या लागल्या. मी तो मोबाइलवरून घरपोच मागवला.

खोक्यावर अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. ‘कंपोस्ट टम्बलर’ असं लिहिलं होतं आणि खाली एका हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्या हातात कसल्या तरी पालेभाजीचा गड्डा होता आणि अंगावर पांढरेशुभ्र कपडे. त्या बाईने जन्मात कचऱ्याला हात लावलेला नाही, हे लांबूनही कळत होतं. मला ती फार आवडली. कचऱ्याशी मलाही नेमकं असंच नातं हवं होतं.

मी घरूनच काम करते. एका कंपनीच्या वेबसाइटवर लोक तक्रारी लिहितात, त्यांना मी उत्तरं लिहिते. लिहिते, हे महत्त्वाचं. फोनवर बोलायचं असतं तर मी ही नोकरी घेतलीच नसती. चार माणसांत माझं वाक्य तोंडातून बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो. खोक्यातल्या ड्रमचं तसं नव्हतं. आपण टाकायचं, फिरवायचं, तो गप्प. बारामतीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, माझं असं एक मुकं काहीतरी असावं एवढीच माझी इच्छा होती. पर्यावरणाचं कारण मी नंतर शोधलं.

मी हॉलमध्ये ड्रमचे भाग जोडत होते तेव्हा पप्पा सोफ्यावर बसून बघत होते. स्टँड झाला, मधला दांडा झाला, मग त्यांनी विचारलं की ह्यात करायचं काय. मी सांगितलं : भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा टाकायचा, वाळका पाला टाकायचा, झाकण लावून गोल फिरवायचं, काही आठवड्यांनी खत होतं. पप्पांनी ड्रमला एक वळसा घालून पाहिलं.

“म्हंजी उकिरडाच की,” ते म्हणाले. “पर खुर्चीत बसवलेला.”

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. ‘माय व्हिलेज’ हा निबंध मी शाळेत इतक्या वेळा लिहिला, की त्यातल्या गावात मी राहायलाही गेले असते. त्यात एक झुळझुळणारा ओढा होता, हिरवी शेतं होती आणि कायम हसणारे, प्रामाणिक शेतकरी होते. आमच्या अंथुर्ण्याच्या वस्तीवर शिरताना सगळ्यात आधी दिसतो तो उकिरडा, पण त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो निबंधात कधी आला नाही. हसणाऱ्या शेतकऱ्याचीही थोडी अडचणच होती, कारण मी जवळून पाहिलेला एकमेव शेतकरी म्हणजे पप्पा.

पप्पा त्या वर्षी रिकामे होते, आणि हा शब्द घरात वापरायची बंदी होती. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं : वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही, पुन्हा दुखावलं तर पायांचा भरवसा देता येणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी मम्मीकडे बघून म्हटलं, कारण पप्पा त्या वेळी दवाखान्याच्या खिडकीतून पाऊस होईल का ते बघत होते. मग शेत धाकट्या चुलत्यांना वाट्याने दिलं आणि माझ्या शाळेसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये पप्पा कायमचे राहायला आले. रोज सकाळी चहा झाला की ते म्हणत, “आज जरा अंथुर्ण्याला जाऊन येतो.”

त्यांच्या ‘जरा’चा अर्थ आम्हाला माहीत होता. मागच्या ‘जरा’ला ते टोमॅटोच्या प्लॉटमध्ये खोरं घेऊन पाण्याची दारं धरताना सापडले होते, आणि त्यानंतरचा आठवडा त्यांनी पलंगावर, छताशी भांडत काढला होता. मम्मीने मोटरसायकलची चावी तूरडाळीच्या डब्यात लपवली. पप्पांनी चावी शोधली नाही. बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरकडे एसट्या जातात, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं.

ड्रम गच्चीवर ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा झाला, कप बशीत पालथा पडला आणि पप्पा उठून वर गेले. ‘अंथुर्णे’ हा शब्द निघालाच नाही. मम्मी पोळपाटावरून माझ्याकडे बघत राहिली.

“ऱ्हाऊ दे ते पिंप,” ती म्हणाली. “काय लागंल ते घाल त्यात. पर ह्यांना वर गुतवून ठेव.”

अशा रीतीने पृथ्वी वाचवायला आलेली वस्तू आमच्या घरातला एकच माणूस वाचवायच्या कामाला लागली. माझा मुका ड्रम मला पुन्हा एकटीला मिळाला नाही.

सूचनापत्रक इंग्रजीत असल्यामुळे घरातली अधिकृत दुभाषी मी होते. ओल्याच्या दुप्पट कोरडं घालावं, दोन-तीन दिवसांनी चार-पाच वेळा फिरवावं, असं त्यात होतं. पप्पांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, गावात आलेल्या कृषी अधिकाऱ्याचं ऐकतात तसं, म्हणजे अतिशय आदराने आणि त्यातलं काहीही करण्याचा विचार नसताना. वर गेलं की ते फिरवत, खाली येताना फिरवत. दांडा कुरकुरतो म्हणून त्याला ग्रीस लावलं. ड्रमला दोन कप्पे होते. त्यांना त्यांनी ‘टाकीकडची पट्टी’ आणि ‘रस्त्याकडची पट्टी’ अशी नावं दिली, आणि रात्री जेवताना टाकीकडच्या पट्टीला ओल जास्त झाल्याची चर्चा होऊ लागली. कोरड्यासाठी चुलत्यांनी दुधाच्या टेम्पोतून उसाच्या पाचटाचं पोतं पाठवलं. मम्मीने ते पोतं जिन्यातून वर जाताना कुणी बघू नये म्हणून त्यावर जुनी साडी टाकली. साडी नेसवलेलं पोतं सगळ्यांनी बघितलं.

खरी अडचण पुढे होती. ड्रमचं पोट भरेना. मम्मीच्या स्वयंपाकघरात कचरा होणं ही सोपी गोष्ट नाही. कोथिंबिरीची देठं वाटणात जातात, दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग थालीपिठात जातो. इतक्या कसोट्यांतून उरलेलं जे ड्रमपर्यंत पोचायचं ते मूठभर असायचं. पप्पा झाकण उघडून आत बघत आणि उपाशी बैलाच्या दावणीत बघावं तसा त्यांचा चेहरा होई.

एके दिवशी त्यांनी बादली घेतली, तळमजल्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक दाराची बेल वाजवून ओला कचरा आहे का विचारलं.

त्यांच्या हिशेबाने यात काहीच वावगं नव्हतं. वस्तीवर ज्याच्या त्याच्या उकिरड्याची जागा ठरलेली असते आणि दुसऱ्या घरच्या बाईने आपल्या उकिरड्यावर केर टाकला तर तो अपमान नसतो. ती केर टाकून निघून जाते, खत आपलं होतं. पप्पांच्या लहानपणी रस्त्यात शेणाचा पो दिसला की त्यावर दगड ठेवायचा. पाटी घेऊन परत येईपर्यंत तो पो दगड ठेवणाऱ्याचा, दुसरा कुणी हात लावत नसे. इतका कडक कायदा पाळणाऱ्या मुलखातला माणूस बारामतीत येऊन रीतसर विचारून कचरा नेत होता. पण आमच्या इमारतीत तो कायदा लागू नव्हता.

पहिल्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका काकू राहतात. त्यांनी पप्पांना बसवून पाणी दिलं आणि हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मला हे सगळं कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. “सभासदांनी वैयक्तिक कामासाठी इतरांच्या दारी जाऊ नये ही नम्र विनंती,” असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं. खाली त्यांच्या सगळ्याच संदेशांखाली असतो तसा गुलाब होता.

मम्मी दोन दिवस खाली उतरली नाही. आठ एकरांचा मालक दारोदार साली मागत फिरतोय, हे तिच्या माहेरी कळंबला समजलं तर काय होईल, याचं वर्णन तिने भाकरी थापताना, भांडी लावताना आणि मालिकेच्या जाहिरातींमध्ये केलं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“साली मागतोय,” ते म्हणाले. “भाकरी न्हाय मागत.”

आणि दुसऱ्या दिवशी बादली घेऊन पुन्हा गेले.

माझं टेबल दाराजवळच्या खिडकीला आहे. तिथून जिना दिसतो आणि माझ्यासारख्या माणसाला बघण्याशिवाय दुसरं येत नाही. त्यामुळे पुढचं मी सगळ्यांच्या आधी पाहिलं. नगरपरिषदेची घंटागाडी सकाळी गाणं वाजवत कोपऱ्यावर येते आणि आपल्याला चप्पल सापडेपर्यंत निघून जाते. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टची जागा आहे. काकूंनी एक दिवस दाराबाहेर छोटी बादली ठेवली. मग त्यांच्या समोरच्यांनी. मग एकेक मजला. पप्पा बेल न वाजवता बादल्या नेत आणि धुऊन परत ठेवत. ग्रुपवर याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सेक्रेटरींच्या दाराबाहेरची बादली वर्तमानपत्राने झाकलेली असे. कलिंगडं सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच खाल्ली जात होती.

मे महिन्यात पप्पांच्या लक्षात आलं की एवढं खाऊनही ड्रम सुस्त आहे. पाचट जसंच्या तसं दिसत होतं. मी सूचनापत्रक वाचून दाखवलं : धीर धरा. पप्पांना हा सल्ला पटला नाही. ऊस तुटला की पाचट कुजवायला रानात युरिया फेकतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चुलत्यांनी दुधाच्या टेम्पोतून पिशवी पाठवली. हाताला आठ एकरांची सवय, त्यामुळे दोन्ही कप्प्यांत एकेक भरगच्च ओंजळ पडली. वर पाणी शिंपडलं, झाकणं लावली आणि ड्रम मेच्या उन्हाच्या स्वाधीन केला. रानात हे सगळं उघड्यावर, वाऱ्यात होतं. इथे बंद पिंपात निम्म्याच्या वर कलिंगड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पांनी झाकण उघडलं तेव्हा गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

तो वास मी नीट सांगू शकणार नाही. एसटी स्टँडच्या मुतारीचा सगळ्या उन्हाळ्याचा वास गोळा करून एका दमात नाकात सोडला तर अंदाज येईल. पप्पा डोळ्यांना टॉवेल लावून खाली आले. काकू वर गेल्या आणि पदराने नाक धरून खाली आल्या. जिन्यात दारं उघडली, बंद झाली, आणि कुणीतरी गॅस लीक झाल्याचं ग्रुपवर टाकलं. कुरडयांना खरंच वास लागला होता का हे मला सांगता येणार नाही. काकूंनी एक तळून पाहिली आणि उरलेल्या सगळ्या आमच्या दारात आणून ठेवल्या. मम्मीने आमच्या वर्षभराच्या कुरडयांचा डबा त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि गव्हाचा चीक यंदा जरा कमी आंबलाय का, असं विचारलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पाण्याच्या टाकीशिवाय दुसरा विषय मिळावा म्हणून सेक्रेटरी निवडून आल्यापासून वाट बघत होते. ते आरोग्यावर बोलले, लहान मुलांवर बोलले, इमारतीच्या किमतीवर बोलले. ड्रम रविवारपर्यंत हलवावा असं ठरलं. मी एका स्कूटरच्या मागे उभी होते. पप्पा हात पाठीमागे बांधून पुढे उभे होते, आणि मला भीती वाटली ती त्यांच्या गप्प बसण्याची. वीतभर बांधासाठी भावकीत दिवसभर भांडू शकणारा माणूस फक्त “बरं, काढतो” म्हणाला.

वर आल्यावर त्यांनी कपाटावरची पिशवी खाली ओढली. तिथपर्यंत हात न्यायलाही त्यांना मनाई होती. दोन जोड कपडे भरले. डॉक्टरांनी दिलेला पाठीचा पट्टा तसाच खुर्चीवर राहिला.

“कुठं?” मम्मीने विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

“अंथुर्ण्याला. हितं काय हाय आता?”

“डॉक्टर काय म्हणलं ते इसरला व्हय?”

“डॉक्टरला हितं दिसभर बसायचं न्हाय.”

मम्मीने पट्टा उचलून पिशवीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. पप्पा सकाळच्या एसटीने जाणार होते, आणि चुलते त्यांना बांधावर नुसतं बसू देणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. बसू दिलं असतं तरी पप्पा बसले नसते. ती माझ्याजवळ आली.

“तू कायतरी बोल की त्या लोकांस्नी,” ती म्हणाली. “एवढं शिकवलं तुला.”

शिकवलं होतं हे खरं. सातवीत असताना मी इंग्रजी वक्तृत्वात ‘सेव्ह ट्रीज’ या विषयावर बोलले होते आणि शेवटचं वाक्य विसरले म्हणून तिथेच उभी राहिले होते. परीक्षकांना तो नाट्यमय विराम वाटला. त्यामुळे आता बोलणं शक्य नव्हतं. मी नोकरीत दिवसभर जे करते ते केलं. ग्रुप उघडला आणि लिहिलं :

“सर्व सभासदांना नमस्कार. ठरल्याप्रमाणे गच्चीवरचा ड्रम आम्ही काढत आहोत. पप्पा गावी जात असल्यामुळे उद्यापासून दाराबाहेर बादल्या ठेवू नयेत. घंटागाडी सकाळी कोपऱ्यावर येते. ती थांबत नाही. झालेल्या वासाबद्दल मनापासून माफी.”

खाली गुलाब टाकला.

संदेश सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं. मग कुणीतरी विचारलं की घंटागाडी नक्की किती वाजता येते. कुणालाच माहीत नव्हतं. एकाचं म्हणणं पडलं की ती आता आपल्या बाजूला येतच नाही. दुसऱ्याने लिहिलं की वास तसा तासाभरात गेला होता. इमारतीचं आरोग्य, लहान मुलं आणि फ्लॅटची किंमत, सगळं एकदम सुधारू लागलं. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं की सभासदांच्या भावना लक्षात घेऊन निर्णयाला तूर्तास स्थगिती देण्यात येत आहे. मी फोन पप्पांपुढे धरला. त्यांनी तो हाताने बाजूला केला. मोबाइलमधल्या मोठेपणावर त्यांचा विश्वास नाही.

सकाळी पिशवी दाराजवळ होती आणि पप्पा टोपी घालून चहा पीत होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू. एका हातात बादली, दुसरा हात कठड्यावर. गुडघ्यांमुळे त्या कधी स्वतःच्या मजल्याच्या वर येत नाहीत, फक्त कुरडयांसाठी येतात.

“भाऊ, माझी बादली तशीच राहिली की,” त्या म्हणाल्या.

पप्पांनी पिशवीकडे पाहिलं, मग बादलीकडे. आत आंब्याच्या साली होत्या.

“ठिवा तितं,” ते म्हणाले. “माशा बसत्याल.”

“आणि ते पांढरं काही घालू नका हो आता.”

“न्हाय घालत,” पप्पा म्हणाले, आणि हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो मी डॉक्टरांसमोरसुद्धा ऐकला नव्हता. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि बादली घेऊन वर गेले. मम्मीने पिशवी इतक्या पटकन आत नेली की तिला वजन आहे असं वाटलंच नाही.

पुढे पावसाळाभर ड्रम सूचनापत्रकाप्रमाणे चालला, कारण आता ते वाचून घेण्यासाठी पप्पा स्वतः माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहू लागले. सगळ्या इमारतीने एवढे महिने खाऊन जे टाकलं त्याचं शेवटी घमेलंभर खत निघालं. खोक्यावर त्याला ‘काळं सोनं’ म्हटलं होतं. पप्पांनी चिमूट नाकाशी नेली आणि “बरं हाय” म्हणाले. माझ्या पदवीच्या निकालालाही ते तेवढंच म्हणाले होते. खत मागायला सगळ्यात आधी सेक्रेटरी आले, त्यांच्या मनी प्लँटसाठी.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी चुलत्यांचा फोन आला. पाडव्याच्या संध्याकाळी आमच्याकडे गोठ्यात, विहिरीवर आणि उकिरड्यावर दिवा लावतात. उकिरड्याचा दिवा घरातल्या थोरल्याने लावायचा असतो आणि आजोबा गेल्यापासून तो पप्पांनीच लावलेला आहे. फोन स्पीकरवर होता. चुलते म्हणाले, टेम्पो बारामतीतच आहे, तो तुला घेऊन येईल, चार दिवस जरा राहा. ‘जरा’ ऐकल्यावर मम्मीचा करंजीवरचा हात थांबला.

“दादा, येतोस न्हवं?” चुलते म्हणाले. “तुझ्याबिगर दिवा कसा लावायचा?”

पप्पांनी पाठीचा पट्टा सारखा केला.

“औंदा तितला तू लाव,” ते म्हणाले. “माझा हितं हाय.”

पलीकडे चुलते बराच वेळ हसले. पिंपाला दिवा लावणार का, असं त्यांनी विचारलं.

“हासू नगंस. तुझ्यापेक्षा लवकर कुजतंय.”

दिवा कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. ड्रम गोल, वर प्लॅस्टिक, आणि सूचनापत्रकात पणतीबद्दल काही म्हटलेलं नाही. शेवटी मम्मीने वीट आणली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि पणती ड्रमपासून हातभर लांब ठेवली. सेक्रेटरी सहकुटुंब वर आले आणि त्यांनी फोटो काढले. ग्रुपवर ‘आपल्या सोसायटीचा पर्यावरणपूरक उपक्रम’ असं लिहून ते टाकले, खाली गुलाब. मी त्याला अंगठा दिला.

सगळे खाली गेले तरी पप्पा तिथेच होते. वारा सुटला होता. मम्मीने जिन्यातून दोनदा हाक मारली. उकिरड्याचा दिवा विझेपर्यंत मालकाने जवळ थांबावं असा काही नियम आहे का, मला माहीत नाही. निबंधात तो कधी आला नव्हता. पप्पांनी काकूंची रिकामी बादली पालथी घातली, वाऱ्याच्या बाजूला ठेवली आणि तिच्यावर बसले.